स्वतःच बनवलेल्या सॉफ्टवेअरसाठी रोज गूगल करावं लागतं, हे बरोबर आहे का?

रावेरकडच्या एका भाऊंनी विचारलंय. केळीच्या व्यापाऱ्यांसाठी वजन, पट्टी (शेतकऱ्याच्या मालाचा हिशेब) आणि बिलाचं सॉफ्टवेअर त्यांनी एकट्यानं बनवलंय, सी-शार्प भाषेत आणि एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसवर, थोडीफार गिऱ्हाइकं पण आहेत, पण काही अडलं की ते स्वतःच गूगल उघडून बसतात. एका व्यापाऱ्यानं मागं उभं राहून ते बघितलं आणि म्हणाला, तुम्हीच बनवलंय ना, मग तुम्हालाच माहिती नाही का? ते त्यांना लागलं. तर त्यांचं म्हणणं असं की बाकीचे पण असंच करतात का, आणि तास तास शोधूनही हाती काही लागत नाही ते का. आणि जाता जाता एक चालू भानगड लिहिलीय, एका गिऱ्हाइकाकडं काही शेतकऱ्यांची नावं मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसायला लागलीयेत, सगळी नाही, काहीच.

मी धुळ्याला हाच धंदा करतो, व्हीबी सिक्स या जुन्या प्रोग्रामिंग भाषेच्या काळापासून. आडते, नंदुरबारचे मिरचीवाले, दोनचार जिनिंगवाले असे गिऱ्हाईक. त्यामुळं पुण्या-मुंबईच्या मोठ्या टीमचं काय असतं ते सोडा, एकट्यादुकट्या माणसाचं कसं चालतं तेवढं सांगतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात, हो. सगळे करतात. खुद्द गूगलमधल्या डेव्हलपरांवर २०१५ मध्ये एक अभ्यास छापून आला होता, त्यात निघालं की तिथला माणूस कामाच्या एका दिवसात सरासरी पाच वेळा शोधायला बसतो आणि सगळे मिळून बाराएक सर्च टाकतो. आणि मजा म्हणजे हे बाहेरच्या वेबवरचं शोधणं नाही, कंपनीच्या स्वतःच्या कोडमध्ये शोधणं, तेही बऱ्याचदा थोडाफार ओळखीचाच कोड. म्हणजे ज्यांनी सर्च इंजिन बनवलं त्यांनाही आपल्याच घरात काय कुठं ठेवलंय ते शोधावं लागतं. मग रावेरच्या माणसानं का लाजायचं?

त्या व्यापाऱ्याला काय सांगायचं ते पण सांगतो. सॉफ्टवेअर तुमचं आहे, पण त्याच्या खाली विंडोज आहे, डेटाबेस आहे, प्रिंटरचा ड्रायव्हर आहे, फॉन्ट आहे, एक्सेल आहे, ई-वे बिलाचं सरकारी पोर्टल आहे, आणि यातलं एकही तुम्ही बनवलेलं नाही. त्यातलं कोण कधी अपडेट होईल ते कोणी तुम्हाला विचारून करत नाही. हे एकदा शांतपणे सांगितलं की बहुतेक व्यापारी समजतात, त्यांच्याही धंद्यात भाव त्यांच्या हातात नसतोच.

आता दुसरा प्रश्न, हाच खरा प्रश्न आहे. शोधता येत नाही असं तुम्ही म्हणताय पण मला तसं वाटत नाही. वेबला जे माहितीच नाही ते तुम्ही वेबला विचारताय. तुमची पट्टी, तुमची टेबलं, तुमची कपात कशी लागते, हमाली कुणाच्या खात्यावर जाते, हे जगात फक्त तुमच्या कोडमध्ये लिहिलंय. कुठल्याच सर्चला ते सापडणार नाही. वेबला फक्त खालचा भाग माहितीये, विंडोजचा, डेटाबेसचा, प्रिंटरचा. काट्यावर जसं भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा करतात आणि मग माल किती ते कळतं, तसं अडचणीतून आधी तुमचं स्वतःचं जे आहे ते वजा करायचं, मग जे उरेल ते शोधायचं. ही वजाबाकी न करता जो सर्च टाकतो त्याला एक तर काहीच मिळत नाही, नाहीतर भलतंच मिळतं आणि तो ते कोडमध्ये चिकटवून अजून एक भानगड करून ठेवतो.

वजाबाकी करायची म्हणजे काय, तर पहिले अडचण नीट हातात घ्यायची. आपल्याकडं गिऱ्हाइकाचा फोन कसा येतो तुम्हाला माहितीये, नंदुरबारहून सकाळी फोन, "भाऊ, तुमनं सॉफ्टवेअर येडं व्हई गयं." बस एवढंच. मग व्हॉट्सॲपवर स्क्रीनचा फोटो येतो, त्यात अर्धी ट्यूबलाइट चमकतेय आणि एररची खालची ओळ कापलेली. यावरून शोधू नका. एनीडेस्कवर (लांबून त्याची स्क्रीन बघायचं सॉफ्टवेअर) जा नाहीतर जवळचा असेल तर गाडी काढा, पण एररचा पूर्ण मजकूर अक्षरशः जसाच्या तसा मिळवा. त्याहून चांगलं म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक एरर एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवू दे, तारीख, वेळ, कोणती स्क्रीन, कोण युजर, आणि आतला सगळा स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर येईपर्यंत कोड कुठून कुठं गेला त्याची यादी. गिऱ्हाइकाला फक्त "सपोर्टला पाठवा" असं एक बटण. एक दिवसाचं काम आहे हे आणि माझ्या मते शोधण्याच्या सगळ्या युक्त्या एका बाजूला आणि हे एका बाजूला.

मजकूर मिळाला की त्यातून तुमची नावं काढा. फाइलचा पाथ, टेबलचं नाव, व्यापाऱ्याचं नाव, बिल नंबर, हे सगळं काढून जे वाक्य उरतं ते अवतरण चिन्हात टाकून शोधा. स्टॅक ट्रेस वाचताना बघायचं की तुमच्या कोडची शेवटची ओळ कोणती आणि तिच्या लगेच पुढं कोणाची लायब्ररी (दुसऱ्यानं लिहिलेला तयार कोड) सुरू होते, भांडण बहुतेक त्या उंबरठ्यावर असतं. आणि एरर कोड सगळे सारखे नसतात. विंडोजमध्ये ८०००४००५ ने संपणारा कोड दिसला तर त्याचा अर्थच मुळी "अनस्पेसिफाइड एरर", म्हणजे काहीतरी झालं पण काय ते सांगत नाही, यावर हजारो पानं निघतील आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसेल, त्यात वेळ घालवू नका, त्याच्या सोबत आलेलं वाक्य शोधा. पण ८००७०००५ आला (आकडे नीट मोजा, इथं एक शून्य इकडचं तिकडं होतं) तर तो "ॲक्सेस डिनाइड", सरळ परवानगीचा मामला, फोल्डरचे राइट्स बघा, अँटीव्हायरस बघा, गूगलची गरज पण नाही.

आता अशा अडचणी, ज्यात एररच येत नाही, फक्त उत्तर चुकीचं येतं. या सगळ्यात अवघड, कारण शोधायला वाक्यच नसतं. माझ्या ओळखीच्या एका मुलानं भाजी मार्केटच्या आडत्यासाठी बनवलेलं सॉफ्टवेअर दुकानातल्या कॉम्प्युटरवरून क्लाउडवर नेलं. आठवड्याभरात आडत्याची तक्रार, काही बिलांवर कालची तारीख पडते. सगळ्या बिलांवर नाही, काहींवर. मुलगा दोन दिवस शोधत होता, तारीख चुकते, सी-शार्प डेट चुकीची, क्लाउड डेट प्रॉब्लेम, काय काय टाकलं त्यानं. मी त्याला म्हटलं गूगल बंद कर, चुकलेली सगळी बिलं एका खाली एक लाव आणि प्रत्येकासमोर खरी वेळ लिही. लावली. एकूण एक बिल पहाटे साडेपाचच्या आतलं. भाजीचा लिलाव पहाटेच असतो, त्यामुळं निम्मा धंदा त्याच वेळेतला. साडेपाच दिसल्यावर काही शोधायचं उरत नाही, आपली घड्याळं जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढं आणि क्लाउडचे सर्व्हर साधारण जागतिक वेळेवरच लावलेले असतात, म्हणजे आपल्याकडं मध्यरात्र ते साडेपाच हा सगळा वेळ सर्व्हरसाठी कालचाच दिवस. दुकानातल्या मशीनवर भारतीय वेळ होती म्हणून तिथं कधी दिसलं नाही.

हे एवढं सविस्तर का सांगतो, तर यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे डेटा आधी बघायचा, वेब नंतर. चुकलेल्या नोंदींमध्ये सारखं काय आहे आणि बरोबर आलेल्यांमध्ये काय वेगळं आहे, वेळ, स्क्रीन, युजर, मशीन, रक्कम, हे पाच रकाने जरी मांडले तरी निम्म्या वेळा कारण तिथंच डोळ्यासमोर येतं. दुसरं म्हणजे ही चूक किरकोळ दिसते पण १ एप्रिलच्या पहाटे चारला केलेलं बिल ३१ मार्चला पडलं की ते मागच्या आर्थिक वर्षात गेलं, मग बिल नंबरची मालिका बिघडली, सीए ओरडला, आणि मग परत तुम्हालाच फोन. दुरुस्ती कशी करायची ते परिस्थितीवर आहे. सगळे गिऱ्हाईक भारतातलेच असतील तर मी तरी बिलाची तारीख हा वेगळा रकाना ठेवतो, भारतीय तारखेचा, आणि नोंद कधी झाली ती वेळ जागतिक वेळेत वेगळी. परदेशात माल पाठवणारे गिऱ्हाईक असतील तर अजून विचार करावा लागेल.

आता तुमची प्रश्नचिन्हं. हे नीट सांगतो कारण मराठीत सॉफ्टवेअर बनवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतंच. मराठी बिघडण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि नुसतं बघूनच कळतं की कुठं बिघडलं. चौकोनी डबे दिसत असतील तर डेटा शाबूत आहे, फक्त त्या मशीनवर फॉन्ट नाही. मंगल फॉन्ट वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, विंडोज १० पासून मंगल हा आपोआप येणाऱ्या फॉन्टमध्ये नाही, वेगळं फीचर म्हणून टाकावा लागतो, तिथं निर्मला फॉन्ट असतो. म्हणून मंगल गृहीत धरून आखलेलं बिल नव्या मशीनवर गेलं की अक्षरं दिसतात पण ओळी सरकतात. डोक्यावर तिरकी रेघ असलेलं रोमन ए आणि मधेमधे विचित्र चिन्हं अशी लांबच लांब रांग दिसत असेल तर मजकूर युटीएफ-८ मध्ये (सगळ्या भाषांची अक्षरं मावणाऱ्या युनिकोडची एक पद्धत) लिहिला गेला आणि वाचणारा त्याला जुन्या इंग्रजी कोड पेजमध्ये (कोणत्या आकड्याला कोणतं अक्षर याचा जुना तक्ता) वाचतोय, हे बहुतेक वेळा परत सरळ करता येतं. रोमन अक्षरांचा नुसता अर्थहीन चिवडा दिसत असेल तर कोणीतरी कृतिदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं कॉपी करून चिकटवलंय. आणि नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर, माफ करा भाऊ, ते नाव गेलं. साठवतानाच गेलं. डेटाबेसमध्ये खरोखरच प्रश्नचिन्ह साठलंय.

असं का होतं? एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारकॅर रकाना युनिकोड साठवतो आणि साधा व्हारकॅर रकाना त्या डेटाबेसच्या कोलेशनच्या (अक्षरं कशी ठेवायची आणि लावायची याची सेटिंग) कोड पेजमध्ये. देवनागरीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोड पेजच नाही, ती युनिकोडमध्येच राहते. त्यामुळं मराठी मजकूर वाटेत कुठंही व्हारकॅरमधून गेला की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह. तुमचा रकाना एनव्हारकॅर असणारच, नाहीतर सगळीच नावं गेली असती. काहीच गेलीयेत म्हणजे एक कुठली तरी वाट अशी आहे जी बाकीच्यांहून वेगळी आहे. माझा अंदाज तीन ठिकाणी. एखाद्या स्क्रीनमध्ये क्वेरी (डेटाबेसला द्यायची आज्ञा) मजकूर जोडून बनवलीय आणि नावाच्या कोटच्या आधी कॅपिटल एन, म्हणजे पुढचा मजकूर युनिकोड आहे ही खूण, लावलेला नाही. किंवा एखाद्या स्टोअर्ड प्रोसीजरचा (डेटाबेसमध्येच साठवलेला कोड) पॅरामीटर, म्हणजे तिच्यात मजकूर आत घ्यायची जागा, व्हारकॅर लिहिलाय, रकाना बरोबर असला तरी पॅरामीटरमध्येच मजकूर मेला. किंवा एक्सेलमधून शेतकऱ्यांची यादी घ्यायची सोय दिलीय आणि मधलं तात्पुरतं टेबल व्हारकॅरचं आहे. पैज लावायची तर मी तिसऱ्यावर लावेन, कारण "एका गिऱ्हाइकाकडं" हे शब्द तुम्ही लिहिलेत, आणि एक्सेल इम्पोर्ट एखादाच गिऱ्हाईक वापरतो.

बघायचं कसं, तर शेतकऱ्यांच्या टेबलवर लाइक (मजकुरात शोधायची अट) लावून प्रश्नचिन्ह असलेली नावं काढा (एसक्यूएल सर्व्हरच्या लाइकमध्ये प्रश्नचिन्ह हे साधं अक्षर आहे, मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस डेटाबेसमध्ये मात्र ते वाइल्डकार्ड, म्हणजे कुठल्याही एका अक्षराची खूण असतं, तो गोंधळ नको), त्यांच्यासमोर नोंदीची तारीख आणि युजर लावा. सगळ्या एकाच दिवशीच्या, एकाच सेकंदातल्या असतील तर इम्पोर्ट. पसरलेल्या असतील तर स्क्रीन किंवा प्रोसीजर. दुरुस्त करताना जोडून बनवलेली क्वेरी सापडली तर नुसता एन लावून थांबू नका, ती पॅरामीटरवर न्या, म्हणजे नाव क्वेरीत न जोडता वेगळं द्या, तशी क्वेरी सुरक्षिततेसाठीही वाईटच आणि ज्याच्या नावात एकेरी अवतरण चिन्ह आलं तिथं तुटणार. एसक्यूएल सर्व्हर २०१९ पासून व्हारकॅरमध्येही युटीएफ-८ ठेवायची सोय आलीय हे कोणीतरी सांगेल, खरं आहे ते, पण चालत्या गिऱ्हाइकाच्या डेटाबेसचं कोलेशन यासाठी बदलायला जाऊ नका, दुसरी दहा दुखणी निघतील.

गेलेली नावं बॅकअपमध्ये असतील तर तिथून. इम्पोर्टमधून गेली असतील तर मूळ एक्सेल फाइल मागा, व्यापारी सहसा पुसत नाहीत. तेही नसेल तर मोबाइल नंबर, गाव आणि बँक खात्यावरून जुळवा, आणि एक बारीक मदत अशी की प्रश्नचिन्हांची संख्या मूळ अक्षर आणि मात्रा मिळून जेवढी होती तेवढीच राहते, "पाटील" ची पाच होतात, मधली जागा तशीच राहते. अर्थात आपल्याकडं पाटील आणि चौधरीच निम्मे, त्यामुळं आडनावावरून फार काही हाती लागणार नाही, गावावरून लागेल.

आता हेच शोधायचं असतं तर? "शेतकऱ्याचं नाव बिलावर प्रश्नचिन्ह" हे टाकून काही मिळालं नसतं. वजाबाकी केल्यावर उरतं, एसक्यूएल सर्व्हर, इन्सर्ट, युनिकोड, क्वेश्चन मार्क्स, आणि हे चार शब्द इंग्रजीत टाकले की पहिल्याच पानावर उत्तर. हो, इंग्रजीतच टाका, तांत्रिक उत्तरं तिथंच आहेत, त्यात भाषाभिमान आणून उपयोग नाही. पण एक सावधगिरी, आपल्या लिपीचं दुखणं असलं की इंग्रजी उत्तरं अर्ध्या वाटेत सोडतात. थर्मल प्रिंटरचं घ्या. प्रिंटरवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा कशी छापायची असं शोधलं की सगळे सांगतात कोड पेज बदला. फ्रेंच-रशियनला ते चालतं, पण आपल्याकडच्या स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी नसतेच, कितीही कोड पेज बदला. मग पावतीचं चित्र बनवून चित्र म्हणूनच छापायचं, दोन इंची प्रिंटरला रुंदी ३८४ ठिपके, तीन इंचीला ५७६. हे कळलं की मग "रास्टर इमेज" (ठिपक्यांचं चित्र) हा शब्द घेऊन शोधायचं, उत्तर लगेच मिळतं. म्हणजे पहिल्या सर्चचं काम कधी कधी उत्तर आणणं नसतंच, योग्य शब्द आणणं असतं.

बाकी शोधण्याच्या युक्त्या बहुतेकांना माहिती असतात, भराभर सांगतो. वाक्य अवतरणात. नको तो शब्द वजा चिन्ह लावून. एकाच साइटवर शोधायचं तर साइट आणि कोलन. लायब्ररी गिटहबवर (कोड ठेवायची साइट) असेल तर तिचे इश्यू, म्हणजे लोकांनी नोंदवलेल्या अडचणी, बघा, आणि बंद झालेले इश्यू आधी, उत्तर त्यात असतं, उघड्यात फक्त तक्रारी. उत्तराची तारीख आणि व्हर्जन बघितल्याशिवाय एक ओळ उचलायची नाही. स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांची साइट २००८ पासूनची आहे, तिथलं हिरवी टिक असलेलं उत्तर दहा-बारा वर्षं जुनं असू शकतं, त्याच्या खालच्या कॉमेंट वाचा, "आता असं करू नका" हे तिथंच कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. आणि ऑफिशियल डॉक्युमेंटेशन कंटाळवाणं असलं तरी शेवटचा शब्द त्याचाच.

चॅटजीपीटीबद्दल पण कोणीतरी विचारणारच. मी वापरतो, रोज वापरतो, मुख्यतः दोन कामांसाठी, न समजलेला एरर समजावून घ्यायला आणि वर म्हटलं तसे योग्य शब्द मिळवायला. पण ते खोटं पण तितक्याच ठामपणे सांगतं. नोव्हेंबर २०२२ ला ते आलं आणि डिसेंबरमध्येच स्टॅक ओव्हरफ्लोनं त्याची उत्तरं टाकायला बंदी घातली, कारण उत्तरं वाचायला छान आणि बरीचशी चुकीची. आता सुधारलंय बरंच, तरी नसलेलं फंक्शन आणि नसलेलं पॅकेज अजूनही सुचवतं, आणि तुमची पट्टी कशी लागते हे त्यालाही माहिती नाही, तुम्ही सांगाल तेवढंच. माझा नियम, त्यानं दिलेलं फंक्शन आधी डॉक्युमेंटेशनमध्ये दिसलं पाहिजे, मगच कोडमध्ये. आणि त्याला असो की लोकांना, विचारताना कनेक्शन स्ट्रिंगमधला (डेटाबेसला जोडणारी ओळ) पासवर्ड, शेतकऱ्यांची नावं, खाते नंबर, आधार, यातलं काही पेस्ट करू नका, तो डेटा तुमचा नाही, व्यापाऱ्याचाही नाही.

इथपर्यंत जगाला माहिती असलेल्या भागाचं झालं. राहिला तुमचा स्वतःचा भाग, तो शोधायचा कुठं? तुमच्याकडंच. आणि इथं एकट्या डेव्हलपरची खरी गोची आहे, कारण एकटाच आहे म्हणून तो काही लिहून ठेवत नाही, मलाच तर माहितीये सगळं म्हणतो, आणि मग पावसाळा उलटला की स्वतःचाच कोड दुसऱ्या कुणी लिहिल्यासारखा वाटतो. गिट (कोडमधल्या प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणारं साधन) वापरत नसाल तर आजपासून वापरा, एकटे असलात तरी. "मागच्या महिन्यापर्यंत चालत होतं" असं गिऱ्हाईक म्हणालं की गिट बायसेक्ट लावून कुठल्या बदलापासून बिघडलं ते नेमकं काढता येतं, हे कुठलंच सर्च इंजिन करून देणार नाही. कमिट करताना, म्हणजे बदल गिटमध्ये नोंदवताना, "चेंजेस" असं लिहू नका, का बदललं ते लिहा, कोणत्या गिऱ्हाइकानं सांगितलं ते लिहा.

आणि एक वही ठेवा. माझी साधी टेक्स्ट फाइल आहे. प्रत्येक सुटलेल्या अडचणीला एक परिच्छेद, गिऱ्हाईक काय म्हणालं ते त्याच्याच शब्दात, एररचा पूर्ण मजकूर, खरं कारण, काय केलं, आणि वेबवरून उत्तर मिळालं असेल तर नुसती लिंक नाही, तिथला कामाचा मजकूर पण. लिंका मरतात, मायक्रोसॉफ्टची डेव्हलपरांसाठीची जुनी साइट एमएसडीएन हलवली गेली तेव्हा कितीतरी जणांच्या जपून ठेवलेल्या लिंका नुसत्या आठवणी राहिल्या. गिऱ्हाइकाचे शब्द का लिहायचे तर पुढच्या वेळी फोनवर तेच शब्द येतात, "बिल दाबलं का कागद कोराच येतो," आणि तुम्ही फाइलमध्ये "कोरा" शोधलं की समोर. गूगलला जायच्या आधी मी ही फाइल उघडतो, आणि जेवढा धंदा जुना होत गेला तेवढं उत्तर इथंच मिळायचं प्रमाण वाढत गेलं.

हीच फाइल पुढं गिऱ्हाइकासाठी मदतीचं पान बनू शकते. तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव टाकून तुमचेच गिऱ्हाईक शोधतात, आणि त्यांना काही मिळत नाही कारण कोणी लिहिलेलंच नाही, लिहिणारे जगात तुम्ही एकटेच. तिथं मात्र मराठीतच लिहा आणि त्यांच्याच शब्दात, "डेटाबेस कनेक्शन अयशस्वी" असं शीर्षक देऊ नका, "सकाळी चालू केल्यावर सॉफ्टवेअर उघडत नाही" असं द्या. आणि प्रत्येक एररला तुमचा स्वतःचा नंबर द्या, पट्टी १०४, बिल २११ असा. मुनीम फोनवर इंग्रजी वाक्य वाचू शकत नसेल, नंबर वाचू शकतो. दुकानावर गेल्यावर छोटे व्हिडिओ काढून व्हॉट्सॲपवर ठेवले तरी चालतात, लोक वाचण्यापेक्षा बघतात जास्त.

एक गोष्ट परिस्थितीवर सोडतो. बाहेर ट्रक भरून उभा आहे, ड्रायव्हर हॉर्न मारतोय, उन्हात केळी आहे, अशा वेळी कारण शोधत बसायचं नाही. हाताच्या पावती पुस्तकावर गाडी काढून द्यायची, नाहीतर एक्सेलचा साधा नमुना आधीच तयार ठेवायचा, आणि मग संध्याकाळी निवांत वजाबाकी. घाईत शोधलेलं उत्तर घाईतच चिकटवलं जातं. उलट गिऱ्हाईक थांबलेला नसेल तर मी स्वतःला साधारण तासभर देतो. तासात शब्दच सापडले नाहीत तर शोधणं थांबवून तेवढाच भाग वेगळ्या छोट्या प्रोजेक्टमध्ये उभा करतो, एक फॉर्म, एक टेबल, एक बटण. तिथं चूक झाली तर ती जगाची, मग लोकांना विचारायला तुमच्याकडं नेमका प्रश्न तयार. तिथं झाली नाही तर ती तुमची, मग वेबवर जायचंच नाही.

तर भाऊ, आधी ती लाइकची क्वेरी चालवा आणि तोवर त्या गिऱ्हाइकाला सांगा की नवीन शेतकरी एक्सेलमधून घेऊ नको, हातानं टाक, म्हणजे कारण इम्पोर्टच असेल तर अजून नावं जाणार नाहीत. किती ओळी निघाल्या आणि त्या एका दिवसाच्या आहेत की पसरलेल्या ते इथंच खाली लिहा, नावं-नंबर काढून. इम्पोर्टचा कोड टाकलात तर तो पण बघतो.